रिकव्हरीचं सामान: गाडी रुतल्यावर हाताशी येईल असं भरायचं, बांधायचं आणि जपायचं कसं

रिकव्हरीचं सामान, म्हणजे रुतलेली गाडी बाहेर काढायची साधनं, विकत घेताना लोक महिनाभर चौकशी करतात आणि ठेवताना पाच मिनिटांत डिकीत कोंबतात. दोर उत्तम, शॅकल (दोर अडकवायची, पिनने बंद होणारी कडी) योग्य टनाचे, पण सगळं एका मोठ्या पेटीत, पेटी तंबू आणि खुर्च्यांच्या खाली, आणि तिचं झाकण उघडायला वर हातभर मोकळी जागा हवी. मग मागची चाकं रुततात, बंपर चिखलाला टेकतो आणि मागचं दार उघडतच नाही. दार बाजूला उघडणारं असेल आणि गाडी त्या बाजूला कललेली असेल, तर ते उघडलं तरी अंगावर येतं.

म्हणून सामान लावण्याची सुरुवात डिकीच्या मापापासून न करता रुतलेल्या गाडीपासून करा. गाडी कलली आहे, एका बाजूची दारं अडकली आहेत, खाली घोटाभर चिखल आहे, अंधार पडतोय. अशा वेळी पहिल्यांदा काय लागेल आणि ते कुठून काढता येईल, यावर पुढचे सगळे टप्पे आखले आहेत. क्रम बदलू नका. बहुतेकांची चूक हीच की आधी पेट्या आणि ड्रॉवर विकत घेतात आणि नंतर त्यात काय मावतं ते पाहतात.

टप्पा १: सगळं बाहेर काढा आणि नापास सामान वेगळं करा

गाडी पूर्ण रिकामी करा. भडक रंगाची एक ताडपत्री अंथरून प्रत्येक वस्तू तिच्यावर सुटी मांडा. गुंडाळलेला पट्टा गुंडाळलेलाच ठेवून तपासता येत नाही. तो पूर्ण लांब करा आणि दोन्ही कडांवरून बोटं फिरवत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जा. कडेला काप गेला असेल, शिवण उसवली असेल किंवा एखादा भाग चकचकीत आणि कडक लागत असेल तर पट्टा बाद. तो कडक भाग म्हणजे घर्षणाने वितळलेले धागे, तिथून तो पुढच्या वेळी तुटू शकतो. टोकाच्या फासांवर संरक्षक बाही असते, ती सरकवून आतही पाहा. झीज तिथेच लपते.

लेबल गेलेल्या पट्ट्याचं काय? माझ्या मते तो ओढण्याच्या कामातून काढून टाकावा. कितीही नवा दिसत असला तरी तो किती भार घेतो आणि ताणला जातो की नाही, हे कळायला दुसरा मार्ग नाही.

लेबलवरचे आकडे वाचताना एक गोंधळ हमखास होतो. शॅकलवर ४.७५ टन कोरलेलं असतं ती नेहमीच्या कामाची भारमर्यादा. तो प्रत्यक्षात तुटतो तो त्याच्या कैक पट भाराला. पट्ट्यावर ८००० किलो छापलेलं असतं ती मात्र सहसा तुटण्याचीच मर्यादा. हे दोन आकडे शेजारी ठेवून पट्टा शॅकलपेक्षा मजबूत आहे असं ठरवू नका. ओढायच्या पट्ट्याची तुटण्याची मर्यादा सामानासकट भरलेल्या गाडीच्या वजनाच्या दोन ते तीन पट असावी. फारच जाड घेतला तर हलकी गाडी त्याला ताणूच शकत नाही आणि सगळा झटका थेट चासीला बसतो.

शॅकलची पिन हाताने पूर्ण आत जायला हवी. वाकलेली पिन, फाकलेला जबडा, मूळ जाडीच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त झीज, यातलं काहीही दिसलं तर तो शॅकल बाद. पिन हरवली म्हणून दुकानातला साधा बोल्ट घालून शॅकल चालू ठेवणारे लोक आहेत. तो शॅकल आत्ताच बाजूला काढा, कारण रात्री चिखलात बोल्ट आणि पिन यांतला फरक कुणी पाहत नाही.

> सावधान: गाडीला टो-बॉल (ट्रेलर जोडायचा मागचा लोखंडी गोळा) लावलेला असेल तर तो काढूनच ठेवा. रिकव्हरीसाठी त्याला फास अडकवला आणि तो तुटला तर तोफगोळ्यासारखा सुटतो. त्याने माणसं दगावली आहेत. दिसत राहिला की कुणीतरी घाईत त्यालाच दोर लावतं.

टप्पा २: वापरण्याच्या क्रमाने गट पाडा

लोक सामान आकाराप्रमाणे लावतात: लांब वस्तू तळाला, लहान डब्यात, जड कोपऱ्यात. अडकल्यावर मात्र सामान एका ठरावीक क्रमाने लागतं, आणि तो क्रम साधारण असा:

१. उतरून पाहणी: हातमोजे, डोक्याला लावायचा टॉर्च.
२. चाकांतली हवा कमी करणं: डिफ्लेटर आणि प्रेशर गेज.
३. खणणं: फावडं.
४. चाकाखाली पकड देणं: ट्रॅक्शन बोर्ड.
५. दुसऱ्या गाडीने ओढणं: कायनेटिक दोर किंवा स्नॅच स्ट्रॅप (ताणले जाणारे दोर आणि पट्टा), सॉफ्ट शॅकल (दोराचाच विणलेला शॅकल), डॅम्पर (तुटलेला दोर उसळू नये म्हणून त्याच्यावर टाकायचं वजन).
६. विंच (गाडीवर बसवलेलं, दोर गुंडाळून ओढणारं यंत्र): ट्री स्ट्रॅप (झाडाला गुंडाळायचा पट्टा), पुली, जोडपट्टा (विंचचा दोर लांबवायला), शॅकल.
७. बाहेर पडल्यावर: कॉम्प्रेसर, पंक्चर किट.

बहुतेक गाड्या पहिल्या चार पायऱ्यांत निघतात. म्हणजे सगळ्यात वर काय हवं, तर हातमोजे, डिफ्लेटर आणि फावडं. प्रत्यक्षात फावडं लांब म्हणून तळाला जातं आणि डिफ्लेटर कॉम्प्रेसरच्या पिशवीत जातो, कारण दोघांचा संबंध हवेशी. पण हवा काढायची असते सुरुवातीला आणि भरायची असते शेवटी. डिफ्लेटर आणि गेज कॉम्प्रेसरपासून तोडा आणि हातमोज्यांबरोबर ठेवा. एवढ्या एका बदलाने अर्धी उचकाउचक वाचते.

कॉम्प्रेसर जड, लागतो शेवटी, म्हणून तळाला गेला तरी चालेल. फक्त तो बॅटरीला थेट चिमट्यांनी जोडायचा असेल तर त्याची वायर आणि जादा फ्यूज त्याच्याच पिशवीत असू द्या.

प्रथमोपचार पेटी आणि अग्निशामक या यादीत मुद्दाम घेतलेले नाहीत. ते रिकव्हरीच्या सामानात मिसळायचेच नाहीत. चालकाच्या जागेवरून हात पोचेल अशी त्यांची कायमची जागा असावी.

टप्पा ३: पिशव्या ठरवा

एका मोठ्या पेटीपेक्षा तीन-चार लहान पिशव्या बऱ्या. कललेल्या गाडीतून, एक पाय घसरत असताना, एका हाताने उचलता येईल एवढंच वजन एका पिशवीत हवं. दहा किलोच्या वर जाऊ नका.

पिशवी जाड कापडाची आणि तळाला जाळी किंवा पाणी निथळायला भोकं असलेली घ्या. हवाबंद प्लास्टिकचा डबा दिसायला नीटनेटका वाटतो, पण आत गेलेला ओलावा आतच राहतो. चेनपेक्षा दोरीने आवळायचं किंवा मोठ्या क्लिपचं तोंड बरं. चेनच्या दातांत वाळू गेली की ती नेमकी अर्ध्यावर अडकते, आणि हातमोजे घालून चेनचा तो इवलासा तुकडा पकडणं म्हणजे वैताग.

आता कुणाशेजारी कोण बसणार, ते पाहू.

कापडी सामान (पट्टे, दोर, सॉफ्ट शॅकल) आणि लोखंडी सामान (शॅकल, पुली, साखळी) कधीही एका पिशवीत नको. खड्ड्यांतून जाताना शॅकलची कडा पट्ट्यावर हजारदा घासते आणि ओल्या पट्ट्याशेजारी लोखंड गंजतं. तिसरं कारण जास्त महत्त्वाचं. पट्ट्याच्या पिशवीत लोखंडी शॅकल दिसला की दोन पट्टे जोडायला लोक तोच वापरतात. दोन पट्ट्यांच्या मध्ये लोखंडी शॅकल असेल आणि त्यातला एक पट्टा तुटला, तर ताणाची सगळी शक्ती त्या लोखंडात जाते आणि ते कुणाच्या तरी दिशेने सुटतं. म्हणून पट्ट्याच्या पिशवीत सॉफ्ट शॅकलच ठेवा. हात जाईल तिथे बरोबरच वस्तू मिळायला हवी.

तेलकट आणि रासायनिक सामान, म्हणजे ग्रीस, इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, बॅटरी, इंधनाचा कॅन, हे कापडी पिशवीच्या जवळपासही नको. बॅटरीतलं आम्ल नायलॉन खातं. डाग फिका दिसतो आणि धागा आतून कमजोर झालेला असतो.

उष्णता हाही शत्रूच. सॉफ्ट शॅकल आणि सिंथेटिक विंच दोर ज्या पॉलिथिलिनचे असतात ते साधारण १५० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं, आणि त्याच्या बरंच आधीपासून त्याची ताकद उतरू लागते. नुकताच बंद केलेला कॉम्प्रेसर किंवा त्याच्या नळीची तापलेली धातूची टोकं त्यावर ठेवू नका. कॉम्प्रेसर आधी थंड होऊ द्या, मग भरा.

> तपासा: प्रत्येक पिशवीच्या बाहेर आत काय आणि किती, हे मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे का? "शॅकल" एवढं पुरत नाही. "शॅकल ४, पुली १, रिंग १" असं हवं. परत भरताना मोजायला हाच आकडा लागतो.

टप्पा ४: पट्टे आणि दोर भरण्याची पद्धत

गुंडाळून ठेवलेले स्नॅच स्ट्रॅप, ट्री स्ट्रॅप आणि विंचचा जोडपट्टा बघितल्यावर जुळे भाऊ वाटतात. पण स्नॅच स्ट्रॅप नायलॉनचा असतो आणि साधारण २० टक्के ताणतो. ९ मीटरचा पट्टा जवळपास पावणेदोन मीटर लांबतो. नायलॉनचा विणलेला कायनेटिक दोर ३० टक्क्यांपर्यंत ताणतो. ट्री स्ट्रॅप आणि जोडपट्टा पॉलिस्टरचे, ते जवळजवळ ताणतच नाहीत. न ताणणाऱ्या पट्ट्याने गाडी पळवून झटका दिला तर हुक उपटतो. उलट, ताणणारा पट्टा विंचच्या ओळीत घातला तर दोरात नको तितकी शक्ती साठून राहते.

म्हणून प्रत्येक पट्ट्याच्या फासाला रंगीत कापडी चिंधी बांधा. ताणणाऱ्यांना एक रंग, न ताणणाऱ्यांना दुसरा, आणि चिंधीवर "ताणतो" किंवा "ताणत नाही" असं लिहा. मार्करने थेट पट्ट्यावर लिहू नका, शाईतल्या द्रावकाचा भरवसा नाही.

आता भरण्याची कृती.

*सपाट पट्टा:* दोन्ही फास एकत्र धरा, म्हणजे पट्टा मधोमध दुमडला जाईल. दुमडलेल्या टोकापासून गुंडाळायला सुरुवात करा आणि फासांकडे या. दोन्ही फास गुंडाळीच्या बाहेर येतात. वापरताना गुंडाळी जमिनीवर सोडायची, दोन्ही फास दोन माणसांनी धरायचे आणि आपापल्या गाडीकडे चालत जायचं. उलट बाजूने गुंडाळलात तर एक फास गाभ्यात अडकतो आणि तो काढायला सगळा पट्टा चिखलात उलगडावा लागतो. गुंडाळी घट्ट नको, मधून बोट जाईल इतकी सैल ठेवा. पीळ पडला असेल तर तो काढूनच पुढे गुंडाळा.

*गोल कायनेटिक दोर:* याची भेंडोळी करू नका. गोल-गोल गुंडाळलेला दोर सोडताना प्रत्येक फेऱ्याला एक पीळ घेतो. त्याऐवजी एक फास पिशवीच्या तोंडाबाहेर लोंबकळत ठेवा, पिशवी दोन पायांत धरा आणि दोर नागमोडी, थरावर थर, नुसता आत सोडत जा. दुसरा फास सगळ्यात वर. वापरताना बाहेरचा फास एका गाडीला लावायचा, वरचा फास धरून दुसऱ्या गाडीकडे जायचं. दोर आपोआप, गाठ न पडता बाहेर येतो. दिसायला गबाळं वाटतं, काम मात्र चोख होतं.

*सॉफ्ट शॅकल:* गाठ फासात अडकवून, पण ओढून न आवळता ठेवा. आवळलेली गाठ ओली होऊन वाळली की गारठलेल्या बोटांनी सुटत नाही. लहान स्वतंत्र पिशवी हवी, कारण त्याच्या विणीत वाळू शिरली तर ती आतून धागे कापते.

*लोखंडी शॅकल:* पिन ज्या शॅकलची त्यातच लावलेली. दोन वेगळ्या मापांचे शॅकल असतील तर प्रत्येक जोडीवर रंगाचा ठिपका द्या, पिनवर आणि अंगावरही. वाजू नयेत म्हणून प्रत्येकाला जुन्या टॉवेलचा तुकडा. पुढच्या बंपरवर कायम शॅकल लटकवून फिरणं रुबाबदार दिसतं, पण पिन धुळीने जाम होते आणि रस्ताभर खडखडाट. माझा सल्ला, ते पिशवीतच राहू द्या.

*रिकव्हरी रिंग (पुलीसारखी वापरायची, सॉफ्ट शॅकलवर बसणारी धातूची कडी) आणि पुली:* रिंगच्या आतल्या कडेवरून नख फिरवा. नख अडकलं तर तिथली खाच सॉफ्ट शॅकल कापणार. पुलीचं चाक हाताने फिरवून पाहा, कचकच आवाज आला तर आत वाळू आहे.

टप्पा ५: गाडीत जागा ठरवा

इथे दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात. वजन खाली आणि दोन आसांच्या मध्ये हवं, म्हणजे मागच्या सीटच्या पाठीला टेकून. हात मात्र वर आणि दाराजवळ पोचतो. तोडगा असा की जड आणि उशिरा लागणारं सामान (कॉम्प्रेसर, विंचची पिशवी, जॅक) सीटच्या पाठीशी तळाला, आणि हलकं पण लगेच लागणारं सामान दाराजवळ. मागच्या आसाच्याही मागे जड सामान ठेवलं की गाडीचं नाक उचललं जातं आणि चढावर पुढच्या चाकांची पकड जाते. ज्या सामानाने गाडी काढायची, त्यानेच ती रुतवायला मदत करू नये.

पहिल्या दोन पायऱ्यांची पिशवी, म्हणजे हातमोजे, टॉर्च, डिफ्लेटर, गेज, डिकीत ठेवूच नका. ती पुढच्या सीटमागे किंवा मागच्या सीटच्या पायाशी, पट्ट्याने बांधून. डावं आणि उजवं, दोन्हीकडच्या दारांतून ती काढता यायला हवी. ओढायच्या पिशवीसाठीही जमलं तर हीच सोय करा, कारण पाच नंबरच्या पायरीपर्यंत गोष्ट आली म्हणजे गाडी चांगलीच खोल गेलेली असते आणि मागच्या दाराचा भरवसा नसतो.

तंबू, जेवणाची भांडी, कपडे हे रिकव्हरीच्या पिशव्यांच्या वर येणार असेल तर मांडणी चुकली. हे सामान शेजारी ठेवा. जागाच नसेल तर मुक्कामाचं सामान कमी करा.

ड्रॉवरविषयी एक वाक्य अपुरं पडेल. ती सोय उत्तम आहे, गाडी सपाट जमिनीवर उभी असेपर्यंत. ड्रॉवर पूर्ण बाहेर काढायला मागे त्याच्या लांबीइतकी मोकळी जागा लागते आणि मागचं दार तर उघडावंच लागतं. नाक वर करून उभ्या गाडीत कुलूप काढताच ड्रॉवर वजनासकट अंगावर धावतो, नाक खाली असेल तर ओढून निघत नाही. शिवाय रिकामा ड्रॉवरच जड असतो. भांडी आणि हत्यारं ड्रॉवरमध्ये खुशाल ठेवा, दोर आणि शॅकल नकोत.

*बांधणं:* प्रत्येक पिशवी गाडीच्या फरशीवरच्या कड्यांना रॅचेट पट्ट्याने किंवा मजबूत जाळीने बांधलेली हवी. रबरी हुकवाल्या दोऱ्या या कामाच्या नाहीत, त्या झटक्यात ताणतात आणि सामान सुटतं. ४.७५ टनाचा एक शॅकल साधारण सव्वा किलोचा. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एकदम थांबली तर सुटा शॅकल त्याच वेगाने पुढे येतो, म्हणजे तीन मजल्यांवरून डोक्यात पडावा तसा. फार्म जॅक (उभ्या दांड्यावर पिनांनी चढणारा उंच जॅक) तर दहा किलोच्या वर असतो. तो नुसता सीटमागे सरकवून फिरणाऱ्यांनी एकदा विचार करावा.

> सावधान: फरशीवरच्या या कड्या आणि बंपरखालचे पातळ हुक फक्त सामान किंवा गाडी वाहतुकीत बांधून ठेवण्यासाठी असतात. त्यांना रिकव्हरीचा दोर लावायचा नाही. चासीला बोल्टने बसवलेले, भार लिहिलेले रिकव्हरी पॉइंट कुठे आहेत, हे पुढे-मागे रंग लावून आधीच दाखवून ठेवा.

टप्पा ६: बाहेर लावायचं सामान

बाहेर फक्त तीन वस्तू लावाव्यात: फावडं, ट्रॅक्शन बोर्ड आणि गरज असेल तर फार्म जॅक. बाकी काहीही बाहेर नको. पट्टे तर नाहीच, ऊन नायलॉनला हळूहळू मारतं.

बोर्ड टपाच्या कॅरिअरच्या कडेला लावले तर जमिनीवर उभं राहून, गाडी तुमच्यापासून दूर कललेली असताना हात पोचतो का, ते पाहा. बोर्डांना कुलूप असेल तर त्याची किल्ली गाडीच्या किल्लीच्याच जुडग्यात हवी. बोर्डांच्या नट-बोल्टला धक्क्यांनी ढिलं पडायची खोड असते, प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला हाताने आवळा. प्रत्येक बोर्डाला दोन हात लांबीची भडक नाडी बांधा, चाकाखाली गाडला गेलेला बोर्ड नाडीवरून सापडतो.

फार्म जॅक बाहेर असेल तर त्याच्या चढत्या भागावर कव्हर घाला. धूळ बसून त्याच्या पिना अडकतात आणि जॅक चढतो पण उतरत नाही. पातळ वंगण द्या, ग्रीस नको. ग्रीसला वाळू चिकटते.

विंचच्या रिमोटची जागा गाडीच्या आत, पहिल्या पिशवीत.

टप्पा ७: दार बंद ठेवून चाचणी

मांडणी झाली की अंगणात, संध्याकाळी, हातमोजे घालून ही चाचणी घ्या:

१. मागचं दार बंद. ते नाहीच असं समजा.
२. चालकाच्या बाजूची दोन्ही दारं बंद.
३. उरलेल्या दारांतून क्रमाने सात पायऱ्यांचं सामान काढा. ताडपत्री अंथरा आणि तिच्यावर मांडा.
४. मग दुसऱ्या बाजूची दारं बंद धरून तेच पुन्हा.

पहिल्या पाच पायऱ्यांपैकी एकही वस्तू काढायला दुसरी कुठली तरी वस्तू आधी हलवावी लागली, तर टप्पा ५ पुन्हा करा. विंचचं आणि कॉम्प्रेसरचं सामान मागच्या सीटची पाठ पाडून काढता आलं तरी पुरे.

ही चाचणी तुमच्याबरोबर नेहमी असणाऱ्या माणसाकडून करून घ्या, स्वतः नको. तुम्हाला सगळं पाठ असतं. स्टिअरिंग धरून बसायची वेळ तुमच्यावर आली तर दोर आणणारा दुसराच असेल, आणि त्याला "लाल चिंधीचा आण" एवढ्यावरून सापडलं पाहिजे.

टप्पा ८: गाडी निघाल्यावर, जागेवरच

सामान हरवतं आणि खराब होतं ते इथे. गाडी निघाली की सगळ्यांना निघायची घाई होते.

काम सुरू करतानाच ताडपत्री अंथरलेली असावी. सामान एक तर वापरात असतं किंवा ताडपत्रीवर. बोनेटवर, टायरवर, गवतात काहीही ठेवायचं नाही. शॅकलची पिन काढली की लगेच त्याच शॅकलमध्ये परत लावायची. निघण्याआधी पिशवीवरच्या आकड्यांशी मोजून घ्या.

चिखलाचे पट्टे स्वच्छ पिशवीत परत घालू नका. यासाठी एक रिकामी "मळकी पिशवी" कायम सोबत हवी, एखादं धान्याचं रिकामं पोतंही चालतं. मळलेलं सगळं तिच्यात, ती पिशवी वेगळी बांधायची आणि घरी पोचेपर्यंत ती उठून दिसेल अशा ठिकाणी ठेवायची. लपवली की आठवडाभर तशीच राहते.

त्याच दिवशी पुन्हा ओढायची वेळ आली तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नायलॉन पाणी पितं, आणि ओलं असताना त्याची ताकद साधारण १० ते १५ टक्क्यांनी उतरते. शिवाय ताणलेल्या पट्ट्याला मूळ लांबीवर यायला वेळ लागतो, लागोपाठ झटके देत राहिलात तर तो तापतो आणि ताणायचंच विसरतो.

टप्पा ९: घरी धुणं, वाळवणं, ठेवणं

पट्टे आणि दोर साध्या पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा, चिखल सुटू द्या, पाणी बदला, आणि पाणी स्वच्छ राहीपर्यंत हे करा. फारच मळ असेल तर सौम्य साबण. ब्लीच नाही, जाड ब्रश नाही. प्रेशर वॉशरचा फवारा जवळून मारणं ही सगळ्यात जास्त होणारी चूक. वरचा चिखल उडतो, बारीक वाळू मात्र विणीच्या आत ठोकली जाते.

वाळवायचं ते सावलीत, वारा लागेल असं, दांडीवर सैल टाकून. मधला भाग वाळला म्हणजे पट्टा वाळला असं नाही. फासावरची बाही सरकवून आतलं कापड दोन बोटांत दाबा, थंड लागलं तर अजून ओलं आहे. कायनेटिक दोराची वेणी जाड असते, तिला पट्ट्यापेक्षा दुप्पट वेळ द्या. विंचचा सिंथेटिक दोर चिखलात लोळला असेल तर तोही पूर्ण सोडून धुवायचा आणि परत गुंडाळताना थोडा ताण देऊन, फेऱ्याला फेरा लावून गुंडाळायचा. सैल गुंडाळला तर पुढच्या ओढीत वरचा फेरा खालच्या थरात रुततो.

शॅकलच्या पिना धुऊन, कोरड्या करून, आट्यांवर तेलाचा एक थेंब, मग जास्तीचं पुसून घ्या. पुली पाण्यात फिरवून वाळू काढा. जॅक झटकून वंगण. टॉर्चमधले सेल काढून शेजारच्या कप्प्यात ठेवा, आतच राहिले तर गळून टॉर्च जातो.

गाडी बरेच दिवस अशा वाटांवर जाणार नसेल तर कापडी पिशव्या गाडीतून काढून घरात कोरड्या, अंधाऱ्या जागी ठेवा. बंद गाडी उन्हात किती तापते ते सांगायला नको. सिमेंटच्या फरशीवर थेट नको, फळीवर ठेवा, आणि त्याच खोलीत बॅटरी चार्ज करत असाल तर दुसरी खोली शोधा. पिशव्या काढल्या की चालकाच्या काचेवर एक चिठ्ठी लावा: "दोर घरी आहे." नाहीतर पुढच्या फेरीला सगळं सामान नीट लावलेलं असतं आणि दोर कपाटात.

धुताना तपासणीत जो पट्टा नापास होईल त्याचा फास कात्रीने कापून टाका आणि मगच फेकून द्या. अख्खा ठेवला तर कुणीतरी तो कचऱ्यातून उचलून आपल्या गाडीला लावेल. सामान बांधायला तुकडे वापरायचे असतील तर हातभर लांबीचे करा, म्हणजे त्यांच्याने गाडी ओढायची कल्पना कुणाला सुचणार नाही.